वेरोनिकेच्या हातातलं फडकं

अहो,

रॉबिनला घेऊन संगमनेरला दवाखान्यात चालले हाय. फादरनी त्यांची गाडी दिलीय. घाबरू नका, तो शुद्धीवर हाय. घाईत लिवतीय, अक्षर लावून घ्या.

आज गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेच्या देखाव्यात तो येशू झाला हुता अन् मी येशूचं तोंड पुसणारी वेरोनिका. सहाव्या स्थानाला त्याचं तोंड पुसायला पुढं झाले. मला वाटलं, पोरांनी लाल रंग लई फासलाय. पुसला तर पुन्हा आला. हाताला गरम लागला. मी फडकं तसंच त्याच्या तोंडावर दाबून धरलं. लोक गाणं म्हणतच हुते. बायकांना वाटलं, मार्था काम काय छान करतीय!

तुमी काथ्याचा वळलेला मुकुट खुंटीलाच हाय, बघा. त्यानं पहाटं बांधावरच्या बाभळीचे काटे आणून दुसरा केला, कुणाला न सांगता. दोन काटे कपाळातच मोडल्यात.

आठवडाभर तुमी त्याला ऐकवत हुता, "तुझं सगळं सोंगच असतंय. देवाच्या दारात तरी खरं वाग." आता गाडीत बसवलं तर मला म्हणतो, "मम्मी, पप्पांना विचार, पटलं का."

मी काय विचारू?

डाळ-भात झाकून ठेवलाय, उपास सोडा. फोनवर त्याला काही बोलू नका, दवाखान्यातच या.

टेबलावरचं फडकं धुवायला टाकू नका. आधी उलगडून बघा. पोराचं तोंड उमटलंय त्याच्यावर.

मार्था