ब्रायडीच्या मेंदूचा ब्रेक

५ मे, मंगळवार

लोरेलने शाळेतल्या व्याख्यानाला ओढून नेलं. बायकोपुढे चालतंय का काही? विषय होता वयात येणाऱ्या मुलांचा मेंदू. इथे मे म्हणजे थंडी, तरी हीटर बंद, खुर्च्या बालवाडीतल्या. बाई म्हणाल्या, या वयात मेंदूतला अॅक्सिलरेटर जोरात असतो, पण ब्रेक पंचविशीपर्यंत धड लागत नाही. घ्या! म्हणजे ब्रायडीने गेल्या वर्षी नेटबॉल सोडलं ते मी बाहेरून ओरडायचो म्हणून नव्हे. पोरीला ब्रेकच नाही.

शेवटी बाई आईबापांच्या मेंदूविषयी काहीतरी सांगत होत्या, तेव्हा मी केक आणायला गेलो होतो. केक शिळा. त्यावरचं खोबरं अजून दातात आहे. शी.

७ मे, गुरुवार

आमची सोळा वर्षांची कन्या फूटीची, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, अंपायर झालीय. बारा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचेस. हे मला कुणाकडून कळावं? खाटकाकडून! सॉसेज तोलता तोलता म्हणाला, लेक काय झकास शिट्टी मारते हो तुमची. अख्ख्या गावाला ठाऊक, बाप सोडून.

घरी येऊन विचारलं. म्हणाली, बाबा, तू मॅचला यायचं नाहीस, बस्स. लागलं मनाला. खोटं कशाला लिहू? लोरेलला म्हटलं, हा त्या ब्रेकचाच प्रकार. ती म्हणाली, ग्लेन, गप जेव.

ठरलं. ब्रायडी स्वतःच्या तोंडाने मला मॅचला बोलावणार. आणि हे मी मेंदूशास्त्राने घडवून आणणार.

१० मे, रविवार

या वयात मेंदूला झोप उशिरा येते, म्हणून सकाळी झोपू द्यावं, असं बाई म्हणाल्या होत्या. झोपू दिलं. दुपार व्हायला आली तेव्हा खोलीत डोकावलो. ओला टॉवेल गादीवर. पलंगाखाली बशी, बशीत राजमा, राजम्यावर हिरवी लव. किळस! बशी हातात धरून तिच्या उशाशी जे काही बोललो, ते शेजाऱ्यांच्या कुत्र्यानेही ऐकलं असावं. भुंकत होता.

हे ओरडणं नव्हे. मार्गदर्शन.

१२ मे, मंगळवार

फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलं: 'आधी श्वास घे, मग कृती कर.' ब्रायडीने विचारलं, हे कुणासाठी? म्हटलं, तुझ्यासाठी, दुसरं कोण आहे या घरात? तेवढ्यात टोस्ट जळला. टोस्टर सिंकमध्ये आपटला. टोस्टरच भिकार आहे, त्याला कोण काय करणार!

१४ मे, गुरुवार

कालपासून घसा पार बसलाय. आवाजच फुटत नाही.

रात्री जेवताना ब्रायडी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, बाबा, दोन दिवस किती शांत आहेस रे. शनिवारी ये हवं तर. पण एक शब्द बोलायचा नाही.

बघा! शास्त्र लागू पडलं. लोरेलने कफाचं औषध पुढे केलं. मी घेतलं नाही.

१६ मे, शनिवार, सकाळ

आवाज परत आलाय. काळजी नाही, योजना पक्की आहे. इथे सगळे मैदानाभोवती कुंपणाला गाड्या लावून मॅच बघतात. मीही गाडीतून उतरणारच नाही. काचा वर, तोंड बंद. याला म्हणतात प्रौढ मेंदू.

१६ मे, दुपार

तीन क्वार्टर देवासारखा बसलो होतो. तीन!

चौथ्यात आमच्या चिमुकल्या सात नंबरला मागून ढकललं. उघड उघड पाठीत! ब्रायडीने शिट्टी मारलीच नाही. मी तोंड उघडलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पण हाताला काही बजावलं नव्हतं. हात हॉर्नवर पडला तो उठेचना. इथे गोल झाला की हॉर्न वाजवतात. गोल झाला समजून भोवतीच्या सगळ्या गाड्या बोंबलायला लागल्या. पोरं बावचळून उभी. सात नंबर रडायला लागला.

ब्रायडीने मॅच थांबवली. सरळ माझ्या गाडीपाशी आली आणि काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली. म्हणाली, बाबा, आधी श्वास घे. मग गाडी मागे घे आणि मैदानाबाहेर ने.

ओरडली नाही.

श्वास घेतला. गाडी मागे घेतली. सगळं गाव बघत होतं. माझी मलाच शिसारी आली.

१६ मे, संध्याकाळ

ती आली, चिखलाचे बूट दारातच काढले. मी एवढंच म्हटलं की, पोरी, छान ठाम राहिलीस. मग विचारलं, पुढच्या शनिवारी येऊ का?

फ्रिजकडे बघत होती. मग म्हणाली, ये. सायकलने ये. आणि घंटी काढून ठेव.

लोरेल हसत सुटली. हसू दे. बोलावलं ना पोरीने?

मघापासून गॅरेजमध्ये घंटी काढायला पाना शोधतोय. सापडत नाही. काय पसारा करून ठेवलाय कुणी इथे! शी.