पोटदुखी, अकरा दिवस

१९ मार्च २०२४
केरूला पोलिसांनी नेलं, त्याला दोन दिवस झाले. वेल्डर. नऊ वर्षं इथे, सौदीत, अल खफजीच्या कॅम्पात. रविवारी दुपारी झोपलेल्या नदीमच्या डोक्यात पाना घातला. नदीम त्याच्याच खोलीतला, म्हसळ्याचा. रोजा होता. जागीच गेला. "पाण्यात विष टाकत होता," एवढंच केरू बोलला. कॅम्पात मराठी आम्ही तिघेच.

२१ मार्च
पोलिसांनी आजारपणाचं रजिस्टर नेलं. ते मी लिहितो – कॅम्प क्लार्क. फेब्रुवारीत केरूच्या अकरा सुट्ट्या. प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरात – पोटदुखी. पोट कसलं! नळातून माणसं बोलतात म्हणायचा. पण डोक्याचं लिहिलं की खलास, दोन दिवसांत एक्झिट, कायमचं घरी. म्हणून इथे सगळेच क्लार्क पोटदुखी लिहितात. त्याने हात धरले होते – "भाऊ, घरी नका पाठवू."

२२ मार्च
पोट दुखणारा माणूस शुद्धीत असतो. म्हणजे समजून मारलं. म्हणजे मान जाणार.

२८ मार्च
मॅनेजरला म्हटलं, खरं काय ते लिहून देतो. "फिर आप भी एक्झिट जाओगे. नदीम वापस आएगा क्या?"
केरूच्या बायकोचा, शेवंताचा फोन. "भावोजी, वेडा नका लिहू. पोरींना कोण करून घेईल?" म्हटलं, वहिनी, नाही लिहिलं तर – त्यांनी पोरींना बाहेर पाठवलं. मग, "लिहा."

३ एप्रिल
पोलिसांना लिहून दिलं. नदीमचंही लिहिलं – आठवडाभर आधी तो माझ्याकडे आला होता. "भाऊ, हा माझी बाटली हुंगत बसतो. हसू नका! खोली बदला." मी हसलोच. म्हटलं, ईद होऊ दे.
हे लिहायची गरज होती? केरूला वाचवायला, की मला मोकळं व्हायला? ठरत नाही.

११ जुलै
माझ्या जबाबावरून केरूला तपासलं; कोर्टाने डॉक्टरांचं मानलं. त्या वेळी केरू भानावर नव्हता. शिक्षा नाही, मनोरुग्णालय. माझं एक्झिट ऑगस्टअखेर.
शेवंतावहिनींना कळवलं. "बरं," म्हणाल्या. नदीमच्या घरी फोन लावला, उचलायच्या आत ठेवला.

४ ऑगस्ट
हॉस्पिटलमधून फोन. औषध लागू पडलं. केरू नीट जेवतो, बोलतो. रोज विचारतो, नदीम भेटायला का येत नाही? सांगायला मराठी माणूस पाहिजे म्हणतात.
उद्या जातो.