निवडणूक जिंकल्याची कादंबरी

आई,

इतक्या लांबून तुझ्या पायांना हात लावतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बोलायला कोणी नसतं, त्यामुळे लिहून मात्र भरपूर होतं.

कादंबरी संपत आली. तिच्यात ती निवडणूक आपण जिंकतो आणि कुणालाच माझ्यासारखा देश सोडावा लागत नाही. संपादक म्हणाले, "राजकारण झकास जमलंय. पण नायक आईशी भांडत भाजी निवडतो, ते प्रकरण लांबलंय. काढून टाका."

मी म्हटलं, "हवं तर सरकार काढा."

तुझे गुडघे कसे आहेत? ताई येऊन जाते ना? आणि पुढचं दार अजून अडतं का? पुस्तकात मी अख्खा देश बदललाय, दार तसंच ठेवलंय. नायक ते बाहेरून ढकलतो आणि त्याची आई आतून म्हणते, "जोर लाव रे, उघडंच आहे."

तुझाच,
धाकटा