फुलपाखरू परत येईपर्यंत

५ जानेवारी २००४
मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांच्या यादीत आज एकाची भर पडली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझा पट्टा काढून घेण्यात आला! एमआरआयच्या खोलीत प्रचंड चुंबक, लोखंड चालत नाही आणि मला दिवसातून दहा वेळा कागद घेऊन आत जावं लागतं. बावन्न वर्षांचा गृहस्थ एका हाताने टाइप करतोय, दुसऱ्या हाताने पँट आणि अब्रू दोन्ही धरून बसलाय, हे दृश्य नाशिककरांनी फुकटात पाहिलं.

शेवटी झाडलोट करणाऱ्या कुसाबाईंनी पिशवीतून एक पांढरी नाडी काढून दिली. म्हणाल्या, "घ्या भाऊ, पन माघारी द्या बरं! नव्या परकराची हाय."

बाकी सगळं झकास. मनमाडला रेल्वेच्या कचेरीत पंचवीस वर्षं टंकलेखन केलं, आता इथे गंगापूर रोडला भाड्याच्या दोन खोल्या. नळाला दोन्ही वेळा पाणी येतं म्हणून मालिनी माहेरी आल्यासारखी हसते. काम सोपं आहे. डॉ. आल्हाद चित्रं बघून बोलतात, मी अहवाल टाइप करतो. लोकांच्या डोक्यात काय आहे हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं.

९ जानेवारी
आठवडाभर डोकं दुखतंय. मालिनीच्या मते चष्म्याचा नंबर वाढला. तिच्या मते जगातली निम्मी संकटं चष्म्यामुळे येतात आणि उरलेली माझ्या जिभेमुळे.

यंत्रात नवी प्रणाली बसवली आहे. अशा वेळी इथे कर्मचाऱ्यांनाच नळीत झोपवून चाचणीची चित्रं काढायची पद्धत आहे. सोमवारी माझा नंबर. कुसाबाई म्हणाल्या, भाऊंच्या डोक्यात काय निघतंय ते आम्हांला पन दाखवा. मी म्हटलं, निघालं तर निम्मं तुम्हांला.

१२ जानेवारी
आत मनमाडच्या यार्डात डबे जोडतात तसा खणखणाट. बाहेर आलो तर डॉक्टरांनी चित्रं पुन्हा पाहिली. दंडात औषध टोचून पुन्हा आत घातलं.

मग त्यांनी अहवाल सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, मीच टाइप करणार. ते नको म्हणत होते. मेंदूच्या पुढच्या दोन्ही भागांत (माणसाच्या रागाला लगाम घालणारे ते हेच), मधला पूल ओलांडून पसरलेली गाठ, औषधाने एकसारखी पांढरी चमकणारी. चित्रात हुबेहूब फुलपाखरू. शक्यता: मेंदूतला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. रुग्णाच्या नावापुढे माझं नाव. एकही चूक झाली नाही.

डॉक्टरांनी हात धरून बजावलं. काका, कवटीला भोक पाडून सुईने तुकडा काढायचा, मगच उपचार ठरणार. तोवर स्टेरॉइड अजिबात नको. त्याने ही गाठ विरघळते, सुई रिकामी येते आणि आपण फसतो. ती मेलेली नसते.

१५ जानेवारी
मालिनीच्या हातावर कोपरापर्यंत फोड आलेत. ती म्हणते पातेलं निसटलं. भिंतीवर दूध आहे, छताजवळ. निसटलेलं दूध छताजवळ जात नाही.

मला फक्त दूध उतू गेल्याचा वास आठवतो. आणि बरं वाटल्याचं.

१७ जानेवारी
डोकं एकदम हलकं. काल मी भिंतीवर डोकं आपटत होतो म्हणून मालिनीने घाबरून कॉलनीतल्या डॉक्टरला बोलावलं. त्याने इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी लहान मुलासारखा झोपलो. उठून तिचे हात कुरवाळले. ती रडली.

कोणतं इंजेक्शन, हे दोघांनीही विचारलं नाही.

२२ जानेवारी
सुई घालण्याआधीचा स्कॅन. फुलपाखरू नाही! मालिनीने तिथेच वणीच्या देवीला हात जोडले, कुसाबाईंना पेढा दिला.

डॉक्टरांनी पेढा टेबलावर ठेवला. कोणी दिलं स्टेरॉइड, एवढंच विचारलं. आता त्या गोळ्या पुन्हा नाहीत. फुलपाखरू परत येईपर्यंत थांबायचं, आलं की सुई घालायची. चोराला पुन्हा घरात घ्यायचं, जेवू घालायचं, मग पकडायचं. घरात मालिनी आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांना माहेरी पाठवा.

ती जात नाही. म्हणते, तुमच्या जिभेला एवढी वर्षं भ्याले नाही, हाताला काय भिऊ.

३० जानेवारी
दार आपटलं. मध्ये तिची बोटं होती. दोन नखं गेली. मी मुद्दाम दुसऱ्यांदा आपटलं, हे आठवतंय.

आता मी आतल्या खोलीत, बाहेरून कडी. माझीच आज्ञा. जेवण द्यायला मात्र ती उघडतेच.

४ फेब्रुवारी
परत आलं. दोन्ही पंख आधीपेक्षा मोठे. सुई ७ तारखेला. तीन दिवस. फक्त तीन —

नळीतून उठलो तर कुसाबाई हसून म्हणाल्या, "भाऊ, माझी नाडी कुठंय?" दाराबाहेर जाऊन तिथलं लोखंडी स्टूल उचललं आणि आत, यंत्राशी उभ्या तिच्या तोंडावर फेकलं. चुंबकाने मध्येच ओढलं. कानाजवळून गेलं. यंत्रावर आदळून तिथेच चिकटलं. तिचं लुगडं रक्ताने — कानाची पाळी —

चुंबक नसतं तर.

घरी चुंबक नाही.

५ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजवा खाटेला बांधून घेतलाय. कुसाबाईच्याच नाडीने. चांगली घट्ट गाठ —

मालिनी गात होती. गाणं थांबवावंसं — तिच्या गळ्यातून — नको. नको.

६ फेब्रुवारी, दुपार
शब्द सापडत — उद्या सुई. एक दिवस.

कुसाबाईची नाडी. उसनी. मी कधी कोणाचं ठेवलं नाही.

सोडली. तांब्यातल्या पाण्यात धुतली. रक्त नाही, घामच. उशीवर पसरून वाळवली, घडी केली, कागदात गुंडाळली. वर लिहिलं: कुसाबाईंना, परत. नाव बरोबर लिहिलं. उजव्या हाताने. अक्षर किती छान —

फिटलं.

कडी वाजतेय. पेज आणलीय तिने, वाफाळती. ती म्हणते, अहो, हात —

मालिनी, मागे —