होडीचा मूळ रंग

३ फेब्रुवारी, दुपार
हिरव्याखाली निळा निघाला. थांबलो नाही, खरवडत राहिलो. निळ्याखाली पुन्हा हिरवा. म्हणजे वरचा हिरवा मूळ नव्हे, हे सिद्ध. खांदा भरून आला आहे.
बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. महिनाअखेर ते ताईकडे जाणार, कायमचे. ताईच्या गावात पाणी फक्त नळाला येतं. त्याआधी आपल्या होडीतून एक फेरी मारायची, एवढंच त्यांचं मागणं. मी पंचवीस तारीख दिली आहे. पंधरालाच होईल, पण हाताशी थोडे दिवस असलेले बरे.
बाबांच्या मते वरून रंगाचा एक हात मारला की झालं. त्यांना रंगकाम आणि रिस्टोरेशन यातला फरक समजावून सांगितला. ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागली.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज सकाळी सहा ते आठ होडी. मग ऑफिस.

५ फेब्रुवारी
सहाला उठलो नाही. सकाळच्या दमट हवेत खरवडू नये असं माझं मत झालं आहे.

८ फेब्रुवारी
होडीचा इतिहास लिहायला घेतला. मूळ रंग कळल्याशिवाय पहिलं वाक्य जमत नाही. बायको म्हणाली, बाबांना विचार की. बाबांनी ही होडी उभं राहून बांधून घेतली, चाळीस वर्षं चालवली. त्यामुळे ते तटस्थ नाहीत.

१० फेब्रुवारी
पिवळा निघाला. बाबा उठून जवळ आले, त्यावर बोट फिरवलं. म्हणाले, हा तुझ्या पाळण्याचा. पाळणा रंगवून उरला, तो इथे मारला. लोक विचारायचे, हळद लावून कुठे निघाली रे तुझी होडी?
उरलेला रंग मूळ असू शकत नाही. खरवडला.

१३ फेब्रुवारी
सुतार आला. मी बोलावलं नव्हतं, बायकोने बोलावलं. होडीभोवती एक चक्कर मारून म्हणतो, साहेब, दुरुस्त करताय की सोलताय? बायको मोठ्याने हसली आणि त्याला दुसरा चहा दिला. फळ्यांच्या फटी नीट भरून घ्या, दोन दिवसांत करून देतो, असं त्याचं म्हणणं. हे लोक नेहमी काम काढतात. तूर्त नको म्हटलं.

१६ फेब्रुवारी
लाल. पुढच्या टोकाला पांढरी, वाकडी अक्षरं: आईचं नाव. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला. लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः लिहिलं होतं. आई चिडली, सगळा किनारा माझं नाव वाचतो म्हणाली. मग पुढे त्यावर पिवळा आला. ती गेली तरी तिचं नाव खाली आहे, एवढं मला ठाऊक होतं, असं बाबा म्हणाले.
भावनिक माहिती. अक्षरं लाल रंगावर आहेत, म्हणजे नंतरची. फोटो काढून खरवडली.

१७ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, नाव कुठे गेलं? मोबाइलवर फोटो दाखवला. माझा अंगठा मध्ये आला आहे, पण अर्धं नाव स्पष्ट दिसतं. चष्मा आत राहिला, असं म्हणून ते आत गेले. चष्मा त्यांच्या खिशात होता. हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही.
बायको दिवसभर बोलली नाही. शांततेत काम बरं झालं.

२१ फेब्रुवारी
लालाखाली लाकूड. आणखी खरवडलं, आणखी लाकूड. बाबांना कळवलं. ते म्हणाले, पहिल्या वर्षी रंग नव्हताच, नुसतं तेल. हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाले, तू विचारलं नाहीस.
खरं आहे. तोंडी माहितीवर मी विसंबत नाही.

२३ फेब्रुवारी
फटींत कापूस आणि काळा चिकट लगदा ठासलेला सापडला. नंतरची भर असणार. सगळा उपसून काढला. आता होडीत बसलं की आत उन्हाचे पट्टे पडतात. सुंदर दिसतं.
लाकूड पाण्यात फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. व्हिडिओत पाहिलं. मोठा होता, शेवटपर्यंत पाहिला नाही.

२५ फेब्रुवारी
आजची तारीख अंदाजे दिली होती. तेल वाळायचं आहे. बाबा म्हणाले, बरं. बायको म्हणाली, ताई परवा न्यायला येतेय, कळतंय ना तुला? कळतंय.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
होडी पाण्यात घातली. सुतार आला होता, ताई होती, बाबांचे जुने सोबती जाडेकाकाही होते. काकांची होडी फायबरची आहे. तिला इतिहास नाही.
बाबा चपला काढून चढले आणि मागच्या टोकाला आपल्या जागी बसले. मी होडीला धरून पाण्यात उभा राहिलो आणि दोन शब्द बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य लांब होतं. ते संपेपर्यंत बाबांच्या घोट्यापर्यंत पाणी आलं. ते ओंजळीने पाणी बाहेर टाकत होते. ताई काठावरून ओरडली, अरे शहाण्या, आधी त्यांना बाहेर काढ, भाषण मग ठोक! सुताराने आणि काकांनी त्यांना उचलून आणलं. होडी काठोकाठ भरून तळाला टेकली. पाणी कमरेएवढंच असल्याने बुडाली असं म्हणता येणार नाही.
बाबांना म्हटलं, लाकूड फुगलं की फेरी नक्की. पुढच्या महिन्यात या. त्यांनी मान हलवली. पाठीवर हात ठेवून म्हणाले, तू कपडे बदल, सर्दी होईल. मग काकांच्या खांद्याला धरून घरी गेले.
उद्या पहाटे उठून होडी उपसायची. अजून वेळ गेलेली नाही.

२८ फेब्रुवारी
बाबा पहाटे काकांच्या होडीतून लांबवर जाऊन आले. सोबत ताई होती, बायकोही होती. परत आले तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, ते काहीतरी गुणगुणत होते, असं बायको म्हणाली. नऊच्या गाडीने गेले. मला आठला उठवलं, बॅगा खाली न्यायला.