ठाणेकर पडवळ आणि कल्याणकर पडवळ

...आणि तो गोटा नेमका माझ्या पगडीवर पडला. पगडी, गोटा आणि मी, तिघेही चिखलात बसलो. आमचे शिरस्तेदार पडवळाचे टोक हातात धरून तसेच उभे राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोणी हसले. कोण ते लिहीत नाही. आपल्याच घरचे माणूस आहे.

राजमान्य राजश्री प्रभाकरपंत यांस, ठाण्याहून विश्रामचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार आधी यावयाचा, पण राग पुढे धावला. गोड मानून घ्यावे.) येथील सर्व क्षेम, म्हणजे मी एकटा आहे तेवढा क्षेम. आपला दमा कसा आहे? वहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला का? आपली भगिनी सौ. सगुणा व चि. मधु कल्याणास सुखरूप पोचल्याचे परक्याकडून कळले. ती रागावून का आली ते तिने सांगितलेच असेल. आता माझेही ऐकावे. तिला परत पाठवा असे म्हणण्यासाठी हे पत्र नाही. ही शास्त्राची बाब आहे.

आमच्या कचेरीत मुंबईचे इंग्रजी वर्तमानपत्र येते. साहेबांचे वाचून झाले की आम्हांस मिळते (चहाच्या डागांसह). त्यात विलायतेतील एका विद्वानाची हकीकत होती. त्याने शेकडो कुटुंबांतील आई, बाप आणि मोठी झालेली मुले यांच्या उंच्या जमवल्या. आईबाप मिळून सामान्यांपेक्षा तीन बोटे उंच असले, तर मुले सरासरीने दोनच बोटे उंच निघतात. एक बोट वाटेत कुठेतरी गळते. ठेंगण्यांचेही तसेच, उलट दिशेने. बीजातून किती उतरते याचा असा हिशेब मांडता येतो हे वाचून मला जेवण सुचेना. बायकांची उंची त्याने बाराव्या हिश्शाने वाढवून धरली, म्हणजे ती पुरुषांच्या तोलाची होते. हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "अहो, मग माझं लुगडंही बाराव्या हिश्शानं लांब आणा."

आपणांस स्मरत असेल, गेल्या भाऊबीजेस आपण न्हाणीतून पंचा नेसून परसदारी आलात, तेव्हा मी आपणांस चौकटीशी थांबवून डोक्याशी कोळशाची रेघ ओढली. "हे काय, विश्रामराव?" असे आपण थरथरत विचारलेत. ते हे. त्याच चौकटीवर माझीही रेघ आहे. ती मी कचेरीतून येताच ओढवून घेतली. आपल्यापेक्षा चार बोटे वर. चि. मधु वयाच्या मानाने ठेंगणा. तेव्हा ठेंगणेपण कोणत्या गावाहून आले हे उघड झाले, आणि मी ते पानावर बसून बोललो. (शास्त्र पानावर बोलू नये. वाढणारी व्यक्ती मध्येच थांबते.) पुढे दर रविवारी मी मधूला चौकटीशी उभा करू लागलो. रेघ तिथल्या तिथेच राहिली की मी म्हणे, "कल्याण." पुढे पुढे तो उभा राहण्याआधीच विचारी, "अण्णा, आजपण कल्याणच का?" आणि टाचा उचली.

एके दिवशी सौ. म्हणाली, "बीजाचं एवढं कौतुक आहे ना, मग पेरून दाखवा." विलायतेच्या विद्वानानेही आधी वाटाणेच पेरले होते. मी पडवळ पेरले. गेल्या सालच्या सर्वांत लांब पडवळांचे बी एका मांडवाला, सर्वांत तोकड्यांचे दुसऱ्याला. पहिल्याचे नाव ठाणेकर ठेवले, दुसऱ्याचे कल्याणकर. (विनोदाने. पाट्या मात्र लावल्या.) माती तीच, शेणखत तेच, पाणी तेच. पडवळ वळू नये म्हणून त्याच्या शेंड्याला बायका दगड बांधतात, त्यास मी सक्त मनाई केली. परीक्षा बीजाची होती, दगडाची नव्हे.

श्रावणात पाहतो तो कल्याणकर सरळसोट लोंबत जमिनीला टेकू आले आहेत आणि ठाणेकर मेंढ्याच्या शिंगासारखे वळून मांडवालाच चिकटले आहेत. तोकड्या बापांची पोरे लांब, लांबांची तोकडी! विलायतेत असे घडल्याचे वाचनात नव्हते. मला वाटले, आता माझीच हकीकत वर्तमानपत्रात यायची. त्या शनिवारी शिरस्तेदारांना घेऊन मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो.

खरा प्रकार असा होता. मी कचेरीत गेलो की सौ. फक्त कल्याणकरांना दगड बांधी आणि माझे जोडे वाजले की सोडी. त्या दिवशी जोडे अवेळी वाजले. एका दगडाची गाठ सुटेना, म्हणून तिने तो दोरीसकट मांडवावर भिरकावला. मी शिरस्तेदारांना म्हणालो, "आपण स्वहस्ते ओढून पाहा." त्यांनी ओढले. पुढचे वर लिहिलेच आहे. ते एवढेच म्हणाले, "विश्रामराव, बीज वजनदार आहे."

मी संतापून बोललो, की हे कपटही कल्याणचेच, पिढीजात. सौ. आत जाऊन बोचके बांधू लागली. मधु मात्र कोणी न सांगता चौकटीशी जाऊन उभा राहिला. रविवार नव्हता. संध्याकाळच्या गाडीने ती दोघे आपल्याकडे आली.

तर विनंती एवढीच, की प्रयोग पुन्हा करणे आहे, आपल्या परसातील पडवळाचे थोडे बी पाठवावे. टपालाने नको, दमट होते. घरच्या माणसाच्या हाती पाठवावे. लोभ आहेच, तो आता थोडा वाढवून धरावा, बाराव्या हिश्शाने का होईना.

आपला,
विश्राम

ता. क. घरच्या माणसाबरोबर लहान मूल असल्यास हरकत नाही.

ता. क. पगडी चिखलात गेल्यावर मी उठलो तो त्या चौकटीपाशीच, उघड्या डोक्याने. शिरस्तेदारांनी माझी रेघ पाहिली, मग मला पाहिले, मग पुन्हा रेघ. माझे माप पगडीसह होते. (कचेरीतून बोडक्याने कोण येतो?) पगडीवाचून मी आपल्यापेक्षा दोन बोटे खाली भरतो. हे सौ.ला कळवू नये. तिला ते आंतरपाट दूर झाला तेव्हापासून ठाऊक आहे. मला ठाऊक झाले हे तिला ठाऊक नाही.

ता. क. सकाळी पत्र टपालात टाकण्यास निघालो, तो सौ. व मधु दारात. बी आणलेले नाही. आपण तिला काय सांगितलेत ते ती सांगत नाही. तिने ओल्या फडक्याने चौकट पुसली, पदर खोचला, आणि ठाणेकरांच्या एकेका पडवळाला दगड बांधला. दोरी मधूने धरली. त्याचा हात पोचेना, तेव्हा मी त्याला उचलून घेतले.