दहाव्या वर्षीच्या उल्का

विद्यानगर, हैदराबाद
६ मे १९९७, पहाट

मुकुंद,

आत्ताच पूर्वेला एक लांबलचक उल्का जळून गेली आणि मी ती वहीत मांडली नाही. आज एकही मांडली नाही.

नऊ वर्षं दर मे महिन्यात या गच्चीवर मी उल्का मोजल्या. तू खाली झोपलास. शोधनिबंधांवर नाव तुझं, शेवटी ‘कुटुंबीयांचे आभार’. बंगलोरच्या नोकरीसाठी आणि तिच्यासाठी घर सोडलंस, तेव्हाही माझ्या वह्या घेऊन गेलास. परवा फोनवर म्हणालास, “एवढी एक रात्र मोज गं. दहा वर्षांची मालिका पुरी होईल. खंड पडला तर सगळं फुकट.”

शेजारच्या राबियाआपा पहाटेच्या नमाजाआधी वर आल्या. माझ्याजवळ वही-पेन नाही हे त्यांनी लगेच टिपलं.

“क्या जी वसुधा, इस साल कापी-पेन नक्को?”

“नक्को.”

“अच्छा हुआ. छूटी मियाँ की नौकरी!”

मग आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. मोजायच्या नसल्या की उल्का किती सुंदर दिसतात, हे मला आज कळलं.

तुला ते कळू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

वसुधा

ता. क. सकाळी आठला तुझा फोन आला. मी सांगितलं, रात्रभर ढग होते.